पडवीतला पारा

२० नोव्हेंबर, गुरुवार

वाल कुजला. सोमवारच्या पावसाचं पाणी खलाटीतून, गावाखालच्या सखल शेतातून, अजून उतरलेलं नाही. बोटाने उकरून पाहिलं. दाणे फुगून फुटलेले, आंबूस वास. बिरड्याला भिजत घालून विसरलं की येतो, तोच. भात कापून झालं, दिवाळी गेली, वाल पेरून पंधरा दिवस झाले आणि शेतात चिखल. बांधाकडच्या उंच पट्टीत तेवढी वीस-बावीस रोपं उभी आहेत.

काकी बांधावर बसली होती. नवऱ्याची, सुधीरची, चुलत काकी. सासूबाई गेल्यापासून घरातलं मोठं माणूस तीच. वालही तिचाच. लग्नात माहेराहून, रेवदंड्याकडून, ओटीत घेऊन आली होती तो. तिचं शेत रस्त्यात गेलं तेव्हा राखेत बी ठेवलेलं मडकं माझ्या हातात दिलं होतं. "आता तू लाव. मी बांधावरून शिव्या देईन." दोन वर्षं झाली. शिव्या नियमित चालू आहेत.

आज दिल्या नाहीत. नुसतं विचारलं, "मडक्यात किती हाय?"

"अर्ध्याला कमी."

"भुंगा?"

"लागलाय थोडा."

"मंग ठेवून उपेग न्हाय. सगळा पेर."

३० नोव्हेंबर, रविवार

आज पेरला. नांगर नाही, काकीच्या पद्धतीने काठीने भोक, दोन दाणे, टाचेने माती. सुधीर उरणहून काल रात्रीच्या गाडीने आला होता. कंटेनर यार्डातून एक दिवसाची सुट्टी. तो भोकं पाडत पुढे, मी मागे. काकी मडकं मांडीवर घेऊन भुंगा लागलेले दाणे बोटांनी वेगळे काढत होती. तिला आता चेहरे नीट दिसत नाहीत, पण दाण्यातलं भोक बोटाला कळतं.

मडकं रिकामं झालं. उलटं करून राख झटकली. गावात बाकी सगळे दुकानातला वाल लावतात. मोठा दाणा, लवकर शिजणारा. काकीचा बारीक, तांबूस आणि कडू. हा आता दुसऱ्या कोणाकडे नाही. म्हणजे या क्षणी तो कुठल्याच घरात नाही, फक्त आमच्या पाच गुंठ्यांच्या मातीत आहे.

तीन आठवडे उशीर झालाय. असं आधी कधी झालं होतं का, विचारलं. काकी म्हणाली, "आधी कधी हा प्रश्नच न्हवता."

१४ डिसेंबर, रविवार

कॉलेजच्या प्रयोगशाळेत जुना कमाल-किमान तापमापक पडून होता. प्राचार्यांना विचारून घरी आणला, पडवीत खांबाला लावला. अकरावीच्या मुलांना नोंदींचा प्रकल्प दिलाय, तर आपणही कराव्यात. पडवीतला पारा सकाळी किमान २१. (यापुढे नुसतं 'प.' लिहीन.)

डिसेंबरच्या मध्यात २१! घरात पंखा चालू आहे.

शेजारची मंदा येऊन वाकून पाहून गेली. "वहिनी, उद्याचं बी सांगतो का हा?" म्हटलं, नाही, फक्त कालचं. "मंग काय, तेवढं तर आमालाबी सांगता येतं."

२८ डिसेंबर, रविवार

प. १९. वाल जोरात. वेल एकमेकांत गुंतलेत, पानं तळहाताएवढी. फोटो काढून सुधीरला पाठवला. उशीर भरून निघाला म्हणायचा.

काकीला आवडलेलं नाही. पान चुरगाळून पाहिलं, म्हणाली, "माजलाय. थंडी खाल्ली न्हाय, नुसता पानी पिऊन वाढलाय. असा पोरगा वाऱ्यानं आजारी पडतो."

हसले मी. पण शास्त्रातही तेच आहे. उबेत भराभर वाढलेल्या पेशी नाजूक असतात, हळूहळू थंडी मिळाली तर वनस्पती स्वतःला तयार करते. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. आज ते आठवलं, पण कोकणात कुठली एवढी थंडी.  आत्ता सहज लिहिलं.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन करून आले. अंग दुखतंय. काल पोपटी झाली. सुधीरचे यार्डातले पाच जण बायकांसह आले होते, शनिवारपासून त्यांचे फोन: वहिनी, पोपटी पाहिजेच. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, मीठ. मडकं उलटं, भोवती पेंढा पेटवलेला. सगळे खूश. एक बाई म्हणाली, "तुमची मज्जा आहे हो, घरचं सगळं ऑर्गॅनिक."

शेंगा बांधाकडच्या पट्टीतल्या. पहिल्या पेरणीतल्या, पावसातून वाचलेल्या त्या वीस-बावीस रोपांच्या. दुसऱ्या पेरणीला तर आता कुठे फुलं येतायत.

काढताना काकी म्हणाली होती, "त्यातल्या चार वेली सोड गो. बियाला."

"काकी, आख्खं शेत फुलतंय. बी तिथनं धरू ना. भरपूर होईल."

तिने दोनदा सांगितलं नाही. तिची सवयच नाही ती. सुधीरच्या माणसांनी पट्टी स्वच्छ केली, एक शेंग ठेवली नाही, आणि मी उभी राहून टोपली धरली.

३१ जानेवारी, शनिवार

प. १५. उत्तरेचा वारा चार दिवस होता, आज पडला. आकाश निरभ्र. शेत पांढरं-जांभळं झालंय. आत शिरलं की मधमाश्यांचा आवाज आणि वालाच्या फुलांचा तो ओलसर, जरा उग्र वास. तळात बारीक शेंगा धरू लागल्यात, नखाएवढ्या.

हेच बियाणं. मोजायला गेलं तर वेडं व्हायला होईल इतकं.

२ फेब्रुवारी, सोमवार

प. ११. या हिवाळ्यातली सगळ्यात थंड सकाळ. फेब्रुवारीत!

संध्याकाळी कॉलेजातून येते तर काकी खलाटीत. बांधाच्या कोपऱ्यात पेंढ्याची उडवी रचलेली आहे, त्यातला पेंढा ओढून काढत होती. एकटी, वाकलेली.

"काय करताय?"

"पांघरून घालू. आज हीव पडनार."

"कोकणात हीव पडत नाही, काकी. दव पडतं."

"मला शिकवतेस व्हय? आमच्या आजीनं मला शिकवलंय. वारा पडला, आभाळ उघडं, आनि कोल्ह्यांचा आवाज लांबनं येतो. हीव पडनार."

मी शांतपणे समजावलं. हा शब्द मुद्दाम लिहिते, कारण त्या शांतपणाचं मला जरा कौतुकच वाटलं. म्हटलं, हीव पडायला, म्हणजे दव गोठायला, शून्य लागतं. सकाळी अकरा होता. फार तर नऊ होईल. पेंढा फुलांवर टाकला तर फुलं मोडतील, दवाने पेंढा ओला होऊन बुरशी धरेल, मावा आधीच आहे. शास्त्रीयदृष्ट्या फायद्यापेक्षा नुकसान जास्त.

"तुझा पारा सांगतो?"

"हो."

"तो पडवीत हाय."

"हवा सगळीकडे सारखीच ना, काकी."

तिने हातातला पेंढा खाली ठेवला. परत उडवीवर नाही, तिथेच, पायाशी. "तू शिकलेली हायस," म्हणाली, आणि माझा हात धरून बांधावर चढली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

प. ९.

गेलं. सगळं शेत.

सकाळी मी आठला गेले. काकी त्याआधीची. पानं उकडल्यासारखी, काळपट हिरवी, लोंबलेली. फुलं तपकिरी. बोट लावलं की ओलं, मऊ. मधमाशी एक नाही. तळातल्या नखाएवढ्या शेंगा पाणी भरल्यासारख्या, दाबल्या तर...

काकी म्हणाली, "उजाडताना गवतावर पांढरं व्हतं. हात लावला तर चरचरलं."

मी पाहिलं नाही. मी गेले तेव्हा ऊन आलं होतं आणि गवतावर पाणी होतं. दव असेल. हीव असेल. मी पाहिलं नाही म्हणून नव्हतं, असं मी विद्यार्थ्याला लिहू देईन का?

कॉलेजला गेले. चार तास घेतले. का गेले, माहीत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

अंधारात उठून तापमापक पडवीतून काढला आणि खलाटीत जमिनीवर ठेवला. तो जागेवर स्थिरावेपर्यंत तिथेच उभी राहिले. निघताना पडवीत पाहिलेला आकडा १०.

खलाटीत ५.

पाच. त्याच गावात, त्याच वेळी, चालत चार मिनिटांवर. थंड हवा जड असते, उतारावरून घरंगळत खाली साठते. खलाटी म्हणजे गावातला सगळ्यात खोलगट तुकडा. पाणी जिथे साठतं तिथेच थंडीही साठणार. रात्री आभाळ उघडं असलं की जमीन आणि पानं आपली ऊब वर टाकून देतात, पानं तर हवेहूनही गार होतात. पेंढा ती ऊब अडवतो. नवीन काही नाही, सगळं पुस्तकात आहे. पडवीत मागे भिंत आहे, दिवसभर तापलेली. वर छप्पर. म्हणजे मी दीड महिना गावाचं तापमान लिहीत नव्हते, माझ्या भिंतीचं लिहीत होते.

काल पडवीत नऊ होता. काल खलाटीत किती असेल? वजाबाकी करवत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तापमापक पडवीतच का लावला?

मुलांना सांगितलेलं कारण: सावली हवी, थेट ऊन नको. बरोबर कारण आहे.

खरं कारण: पहाटे साप-किरडूच्या वाटेने खलाटीत जायचा कंटाळा. चहा घेता घेता दिसायला हवा होता.

८ फेब्रुवारी, रविवार

सुधीर आला. शेत पाहून आला, हात धुतले, म्हणाला, "माधवी, वालच आहे ना. मी उरणला दुकानातून दहा किलो आणून देतो."

मी रिकामं मडकं त्याच्यापुढे ठेवलं. त्यालाही कळलं. थोड्या वेळाने म्हणाला, "पोपटीला माझ्याच माणसांनी खाल्ल्या."

"टोपली मी धरली होती."

मग दोघं काही वेळ कोणाची चूक मोठी यावर जवळजवळ भांडलो. काकी आतून ओरडली, "चूक वाटून घ्यायला जेवन झाल्यावर बसा. भात गार होतोय."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मंदा विचारत होती, कशाने गेलं हो वहिनी? मी तोंड उघडायच्या आत काकी: "हीवानं. दुसरं काय." माझं नाव नाही, पेंढ्याचं नाव नाही.

तिने मला लोकांसमोर चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं. हे लिहिलं आणि लगेच प्रश्न पडला. बरं कोणाला? मला. म्हणजे तिचा वाल घालवून वर तिच्याकडून सुटकाही मागतेय मी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मुलांच्या नोंदी तपासल्या. एका मुलीने चार्टखाली निष्कर्ष लिहिलाय: 'सरासरी पाहता यंदाचा हिवाळा उबदार होता.' आकडे तपासले. तिचं बरोबर आहे.

थंडी जास्त नव्हतीच. पूर्वी याहून जास्त असायची, काकी सांगते, पौषात शेकोटीपासून उठवायचं नाही. पण तेव्हा वाल नुसता पानांवर असायचा, थंडी हळूहळू यायची, पानं सोसायची. यंदा पावसाने पेरणी लांबवली, उबेने वेल माजवला, आणि सगळं फुलावर आलं तेव्हा तीन रात्री थंडी. तीनच.

मुलीला पूर्ण गुण दिले. शेऱ्याची जागा कोरी सोडली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

उडवीजवळ वेली जिवंत आहेत!

मी तिकडे जातच नव्हते. आज काकीने नेलं हात धरून. पेंढ्याची उडवी जिथे आहे त्या कोपऱ्यात, तिच्या पोटाशी लागून नऊ वेली. पानं करपलीत कडेने, पण शेंगा आहेत. हिरव्या, वाकड्या, बोटभर. जिथे काकीने तो ओढलेला पेंढा खाली ठेवला होता, पायाशी, तिथल्या दोन वेली तर पूर्ण शाबूत. पेंढा त्यांच्यावर पडला होता.

फुलं मोडली नाहीत. बुरशी नाही.

मी तिथे खाली बसले. काकी म्हणाली, "रडू नको, खारं पानी मुळाला चालत न्हाय."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी कॉलेजच्या आधी पाणी, घागरीने, बुंध्याशी. संध्याकाळी परत. वाल दवावर होतो, त्याला पाणी घालत नाहीत, मंदा हसते. दव कुठे आहे आता? तापमापक आता खलाटीतच असतो (यापुढे 'ख.'). ख. १८, दुपारी ३५. पंधरा दिवसांपूर्वी इथे पाच होतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी ३८. गरम वारा. शेंगा पिवळ्या पडू लागल्या, पण भरण्याआधीच. दाबलं तर आतला दाणा पातळ लागतो. जुन्या साडीची सावली केली चार काठ्यांवर. वाऱ्याने दोनदा पडली.

थंडीपासून वाचलेलं उन्हात चाललंय. आधी पांघरूण नाही म्हटलं, आता सावली धरून उभी आहे. मला बघणाऱ्याला काय वाटेल हा विचार आला आणि लाज वाटली, कारण तो विचार करायलाही वेळ होता मला.

१ मार्च, रविवार

रेवदंड्याला जाऊन आले. काकीचं माहेर. तिला सांगितलं नाही, कॉलेजचं काम म्हटलं. डोक्यात एकच. वाल जिथून आला तिथे असेल.

एसटी, मग रिक्षा. भाऊ वारलेत. भाचेसून घरी होती. वाडीत आता तीन खोल्या पर्यटकांसाठी. सुकटीचा वास, नारळ, पोरं फोटो काढतायत.

"कडवा वाल? बारीक? अगं बाई, तो सासूबाईंच्या वेळेस होता. आता कोण लावतंय, ताई. दुकानातला आणतो आम्ही, बरा असतो की."

मी निघायला उठले तेव्हा तिला वाईट वाटलं असावं. आत जाऊन दोन किलोची पिशवी आणली. "घेऊन जा आत्यांना. माहेरचं म्हणून."

पिशवी मांडीवर ठेवून परत आले. अलिबागपर्यंत हाच विचार. तिला दिसत नाही. माहेरचं आहे, हे खोटं नाही. ती खूश होईल. पुढच्या वर्षी पेरू. वाल लावला जाईल, मडकं भरेल, बोलायला काही उरणार नाही. वडखळपर्यंत मी हे सगळं स्वतःला पटवलं होतं.

२ मार्च, सोमवार

दिली पिशवी.

काकीने हात आत घातला, कोपरापर्यंत. बराच वेळ आत ठेवला. "भावाच्या घरचा?"

"हो."

"रेवदंड्याला गेलीस."

"हो."

"बरं." मग म्हणाली, "सून बरी हाय? सावळी, लांब नाकाची?"

मी भाचेसुनेचं सगळं सांगितलं. खोल्यांचं, नारळांचं. वालाचं एवढं एक सोडून.

५ मार्च, गुरुवार

खोटं बोलले का? एकही वाक्य खोटं नाही. रोज तपासतेय. प्रत्येक वाक्य खरं आहे. पडवीतला आकडाही खरा होता.

काकीने आज त्यातला वाटीभर वाल भिजत घातला. बिरडं करायचं म्हणते. पेरायचं बी आधी खाऊन बघावं.

७ मार्च, शनिवार

मोड आले. एकूण एक दाण्याला, पांढरे, सरळ. मी कोमट पाण्यात सोलायला घेतले, ती खोबरं वाटत होती. 

जेवायला बसलो. तिने पहिला घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला.

"गोड हाय," म्हणाली.

मी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"भावाकडंबी कडवा वाल गेला तर."

"काकी, मी सांगणार होते."

"पिशवीत हात घातला तवाच कळलं. ह्यो दाना माज्या अंगठ्याएवढा. पन्नास वर्सं चिवडलेला वाल मला कळनार न्हाय व्हय?" राग नव्हता आवाजात. तेच वाईट. "तू कधी सांगतेस ते बघत व्हते. पाच दिस झाले."

मग मी सगळं सांगितलं. पेंढ्याचं, तापमापकाचं, कंटाळ्याचंसुद्धा. तिने मध्ये एकदाच थांबवलं. "पाच होता? खाली?" "पाच." "मंग माजी आजी बरोबर व्हती." "हो." "तुज्या वहीत लिव तसं."

लिहिलं.

बिरडं तिने पूर्ण संपवलं. वाटी पुसून. अन्नावर राग काढत नाहीत, म्हणाली, आणि मलाही वाढलं.

१३ मार्च, शुक्रवार

शेंगा काढल्या. कडक वाळलेल्या, काही आपोआप उकललेल्या. नऊ वेली. पडवीत सूप घेऊन काकी बसली. बोटांनी दाबून पोचट बाजूला, भरलेले बाजूला. पोचटांचा ढीग मोठा.

उरले त्रेचाळीस. तेही सुरकुतलेले, काही अर्धवट रंगाचे. उन्हाने घाईघाईने वाळवलेत. जीव धरला असेल की नसेल, वरून सांगता येत नाही.

"ठेव राखेत," काकी.

"पण जिवंत आहेत का ते कळायला हवं."

"पेरल्यावर कळंल."

आणि मेलेले असतील तर आठ महिने आपण मेलेलं मडकं सांभाळू. तेव्हा शोधायलाही उशीर झालेला असेल. आत्ता कळलं तर आणखी गावं फिरता येतील. तळा गावच्या बाजारात, म्हसळ्याकडे, वाड्यांवर. कोणाकडे तरी असेल.

पण बघायचं तर मोड काढायला हवेत, आणि मोड आलेला दाणा परत झोपत नाही. मार्चच्या उन्हात लावला तर मेलाच. म्हणजे जेवढे तपासेन तेवढे कमी.

१७ मार्च, मंगळवार

चार दिवस हेच चाललंय. एक दाणा तपासला तर काहीच कळत नाही. दहा तपासले तर अंदाज येतो, पण जवळजवळ पाव बियाणं जातं. पुस्तकात शंभर दाणे घ्या लिहिलंय. पुस्तक लिहिणाऱ्याकडे पोती असणार.

आणि समजा जिवंत निघाले, तरी पेरायचे कधी? दिवाळी झाली, भात झोडलं, की वाल. हे काकीचं, तिच्या आजीचं. पाऊसच आता दिवाळीनंतरही येतो. आधी पेरावं तर कुजतो, नंतर पेरावं तर थंडी फुलावर. काकीला विचारलं.  म्हणाली, "तूच सांग. तू शिकलेली हायस." टोमणा आहे का, पाहिलं तिच्याकडे. नव्हता. खरंच विचारत होती.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. गुढी उभारली. नैवेद्याला गोडाचं सगळं. कडुनिंबाचं पान चावताना काकी म्हणाली, "यंदा कडू एवढंच."

२० मार्च, शुक्रवार

ठरलं. दहा म्हटलं मी, काकी म्हणाली पाच, शेवटी आठ. निवडायला ती बसली. मी म्हटलं, चांगले चांगले निवडू नका, काकी, नाहीतर खोटं उत्तर येईल. डोळे मिटून घ्या. "डोळे मिटलेच हायत माजे," म्हणाली. पण बोटं तर उघडी आहेत! मग मीच दुसरीकडे तोंड करून आठ उचलले. हे तरी नीट करावं.

वाटीत पाणी. आठ दाणे तळाशी. एक तरंगला, मग तोही बुडाला.

पस्तीस राखेत. मडकं घरात, माझ्या कपाटात. पडवीत नाही.

२१ मार्च, शनिवार

सकाळी पाणी काढलं. दाणे फुगले होते, पण मेलेले दाणेही फुगतात. काकीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळले, गाठ मारली, पिठाच्या डब्याशेजारी उबेला ठेवले, बिरड्याचा वाल ठेवते तिथेच. उद्या बघायचं.

सुधीरचा फोन: "काय झालं?" म्हटलं, बांधलेत. "म्हणजे?" म्हणजे बांधलेत.

तळ्याच्या बाजारातल्या दोन म्हाताऱ्यांची नावं मिळालीत, त्या अजून घरचा वाल लावतात म्हणे. कडवा की दुसरा, माहीत नाही.

२२ मार्च, रविवार

सकाळचे सात. ख. २३.

काकी खलाटीत गेलीय, उरलेल्या वेली उपटायला. जाताना म्हणाली, "मी आल्याशिवाय गाठ सोडू नको." मग उंबऱ्यावरून मागे वळून, "न्हायतर सोड. सोडून ठेव. मला सांगू नको लगेच."

फडकं हातात घेऊन बसलेय. ओलं आहे, जरा कोमट. गाठ घट्ट बसलीय. सोडलेलं नाही. बाहेरून बोटांनी चाचपलं, एकेक दाणा. आठही लागले हाताला. एका ठिकाणी काहीतरी टोचलं. मोड असेल. लुगड्याच्या काठाचा दोराही असेल. पुन्हा चाचपलं. मला कळत नाही. तिच्या बोटांना कळलं असतं.

बांधावरून ती येताना दिसतेय.